निधीचे प्रस्ताव करून देणारी सल्लागार सेवा : सोलापुरातून एक परीक्षण

महाविद्यालये, विद्यापीठांतील विभाग आणि लहान संशोधन केंद्रे यांना लोकप्रतिनिधींच्या स्थानिक विकास निधीतून किंवा सरकारी योजनांतून पैसे मिळावेत म्हणून प्रस्ताव तयार करून देणाऱ्या सल्लागार संस्था आता सोलापुरातही काम करू लागल्या आहेत. सात रस्ता परिसरात कार्यालय असलेल्या अशाच एका संस्थेची सेवा आमच्या अनुदानित महाविद्यालयाने रसायनशास्त्र विभागाच्या माती व पाणी परीक्षण प्रयोगशाळेसाठी घेतली. विभागाच्या वतीने हे काम माझ्याकडे होते, त्यामुळे पहिल्या बैठकीपासून अखेरच्या कागदापर्यंतचा व्यवहार जवळून पाहता आला. संस्थेचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. एका संस्थेची जाहिरात किंवा बदनामी करण्यापेक्षा अशी सेवा घेणाऱ्या प्राचार्यांना आणि विभागप्रमुखांना नेमके काय तपासावे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे. निष्कर्ष आधीच सांगतो : या संस्थेकडून कागद उत्तम मिळतात, सल्ला बेताचा मिळतो, आणि ‘ओळख’ म्हणून जे विकले जाते ते कोणत्याही महाविद्यालयाने विकत घेऊ नये.

ज्या निधीभोवती हा व्यवसाय उभा आहे, त्याची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान असताना २३ डिसेंबर १९९३ रोजी सुरू झाली. पहिल्या वर्षी प्रत्येक खासदारामागे ५ लाख रुपये होते. पुढे १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून ५ कोटी अशी ही रक्कम वाढत गेली. कोविडच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, योजना स्थगित झाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले. महाराष्ट्रात आमदारांनाही वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात. यात सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट अशी की खासदार फक्त शिफारस करतो. मंजुरी जिल्हा प्राधिकरण देते, काम कार्यान्वयन यंत्रणा करते, आणि पैसा लोकप्रतिनिधीच्या हातात कधीच येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये भीमसिंग प्रकरणात ही योजना वैध ठरवली, त्या युक्तिवादातही शिफारस आणि मंजुरी यांतील हे अंतर मोलाचे होते. सल्लागाराने ग्राहकाला सर्वप्रथम हेच समजावून सांगायला हवे. आमच्या पहिल्या बैठकीत ते सांगितले गेले नाही.

त्या बैठकीत संस्थेच्या संचालकांनी विचारलेला पहिला प्रश्न असा होता : “सर, किती रकमेपर्यंत जायचं आहे? रक्कम सांगा, प्रकल्प आपण बसवू.” प्रयोगशाळेत कोण काम करणार, कोणते नमुने तपासले जाणार, आज ते कोठे तपासले जातात, विद्यार्थी किती आहेत, यांपैकी एकही प्रश्न त्या दिवशी निघाला नाही. रक्कम आधी आणि प्रकल्प नंतर, हा उलटा क्रम या सेवेचा स्थायीभाव आहे, हे पुढे वारंवार दिसले. यादीत एका यंत्राच्या जागी दुसरे, अधिक महागडे यंत्र सहज बसवले जात होते, कारण एकूण आकडा गोल व्हायला हवा होता. रसायनशास्त्राच्या माणसाला हे पाहणे जड जाते.

आता चांगल्या बाजूकडे येतो, कारण ती खरोखर चांगली आहे. संस्थेत अंदाजपत्रकांचे काम पाहणाऱ्या एक स्थापत्य अभियंता बाई आहेत. प्रस्तावाचा जो भाग त्यांच्या हातून गेला, तो आम्ही आजवर पाहिलेल्या कोणत्याही कागदापेक्षा सरस होता. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीप्रमाणे बाबनिहाय अंदाजपत्रक करणे हे अनेकांना जमते. पण प्रयोगशाळेच्या खोलीला वर्गखोलीपेक्षा वेगळे काय लागते, हे विचारून त्यानुसार बाबी घालणारे फार थोडे असतात. सामान्य अंदाजपत्रकात भिंती, फरशी, दारे-खिडक्या, दिवे आणि पंखे येतात, आणि मग खोली ताब्यात आल्यावर विभागाला कळते की धूर बाहेर नेणारी नळी काढायला भिंतीत जागाच सोडलेली नाही. बाईंनी आमच्या प्रयोगशाळा सहायकाशी स्वतंत्रपणे बसून यादी केली : आम्ल सहन करणारे ओट्याचे पृष्ठभाग आणि सिंक, सांडपाण्याची वेगळी वाहिनी आणि ते निष्प्रभ करण्याची टाकी, यंत्रांसाठी स्वतंत्र अर्थिंग, विजेचा दाब स्थिर ठेवणाऱ्या उपकरणासाठी जागा, गॅस सिलिंडरसाठी इमारतीबाहेर जाळीचा कुलूपबंद कप्पा आणि तेथून आत येणारी नळी, डोळे धुण्याचा नळ आणि आपत्कालीन शॉवर. यातील एकही बाब दिसायला भव्य नाही, उद्घाटनाच्या छायाचित्रात तर मुळीच येत नाही. पण यांच्याशिवाय ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोफोटोमीटर हे धातूंचे प्रमाण मोजणारे यंत्र खोक्यात पडून राहते.

पाण्याचा मुद्दाही त्यांनीच काढला. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे; पण प्रयोगशाळेच्या प्रस्तावात ते लिहायचे असते हे कोणाच्या ध्यानात येत नाही. धातूंचे प्रमाण मोजण्यासाठी विआयनित, म्हणजे विरघळलेले क्षार काढून टाकलेले, पाणी लागते, आणि ते तयार करणाऱ्या यंत्रात क्षार अधिक असलेले कूपनलिकेचे पाणी घातले तर क्षार शोषणारे रेझिनचे काडतूस लवकर संपते. म्हणून साठवण टाकी, प्राथमिक शुद्धीकरण आणि मग विआयनन असे तीन टप्पे अंदाजपत्रकात आले. उन्हाळ्यात शहराचे तापमान ४३-४४ अंशांवर जाते, त्यामुळे यंत्राच्या खोलीचे छत उष्णतारोधक करण्याची बाबही आली. एवढ्या एका अंदाजपत्रकासाठी संस्थेचे निश्चित शुल्क देणे मला वाजवी वाटते.

प्रस्तावाच्या मजकुराबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. ‘प्रकल्पाची गरज’ या मथळ्याखाली आलेला पहिला मसुदा “भारत हा कृषिप्रधान देश आहे” या वाक्याने सुरू होत होता आणि अडीच पाने भरूनही त्यात सोलापूर हा शब्द फक्त पत्त्यात होता. तोच मसुदा नाव बदलून लातूरला किंवा धुळ्याला पाठवता आला असता, आणि बहुधा पाठवलाही गेला असेल. ज्या जिल्ह्यात कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर संशोधन १९३३ पासून चालत आले, ज्या जिल्ह्यातील मोहोळला मालदांडी ज्वारीचे प्रसिद्ध वाण निवडले गेले, जेथे डाळिंबाखाली मोठे क्षेत्र आहे आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, जेथे चादरी आणि टॉवेल यांच्या रंगाईचे कारखाने आहेत आणि त्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न आहे, त्या जिल्ह्यातील माती-पाण्याच्या प्रयोगशाळेची गरज सांगायला कृषिप्रधान देशापर्यंत जाण्याचे कारण नव्हते. तो भाग शेवटी विभागातील आम्हीच लिहिला.

याच भागात संस्थेशी आमचा खरा मतभेद झाला, आणि या सेवेची मर्यादा मला तेथे सर्वांत स्पष्ट दिसली. सोलापूर-पुणे रस्त्यावर केगावला भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहे, आणि त्याच बाजूला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठही आहे. प्रस्तावात यांचा उल्लेख करू नये, असा संचालकांचा आग्रह होता. त्यांचे म्हणणे असे की शेजारी मोठी केंद्रे आहेत हे वाचून कोणीतरी “मग तुम्हाला कशाला?” असे विचारील. आमचे म्हणणे असे की तो प्रश्न योग्यच आहे आणि त्याचे उत्तर प्रस्तावात असायलाच हवे. राष्ट्रीय केंद्राचे काम संशोधनाचे आहे. पदवीच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या गावच्या विहिरीचे पाणी आणून त्यातील नायट्रेट मोजायला शिकणे हे काम तेथे अपेक्षित नाही. आमची प्रयोगशाळा शिक्षणाची आणि नेहमीच्या परीक्षणांची आहे, अवघड नमुने आम्ही मोठ्या केंद्राकडेच पाठवणार आहोत. एवढे चार ओळींत लिहिले की प्रस्ताव दुबळा होण्याऐवजी भक्कम होतो. संशोधन अनुदान देणाऱ्या संस्थेत हा प्रश्न त्या विषयाचे तज्ज्ञ विचारतात. लोकप्रतिनिधीच्या शिफारशीवर चालणाऱ्या निधीत तो विचारणारा कोणीच नसतो. म्हणूनच सल्लागाराने तो विचारायला हवा होता. त्याने तो लपवायला सांगितला.

हा व्यवसाय ज्या देशात जन्मला, तेथील इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे, आणि आमच्या सल्लागार संस्थेच्या पुस्तिकेत त्याचा फक्त उजळ भाग दिला असल्याने बाकीचा येथे सांगतो. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात टफ्ट्स विद्यापीठाचे अध्यक्ष ज्याँ मेयर यांनी पोषणविषयक संशोधन केंद्रासाठी थेट काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडून, रक्कम मिळवायचे ठरवले आणि त्यासाठी जेराल्ड कॅसिडी व केनेथ श्लॉसबर्ग यांची मदत घेतली. हे दोघेही त्यापूर्वी सिनेटच्या पोषणविषयक समितीत कर्मचारी होते. समितीचे काम आतून माहीत असलेल्या माणसांनी बाहेर येऊन विद्यापीठांना ती माहिती शुल्क घेऊन द्यायची, हा या व्यवसायाचा पाया. १९८३ मध्ये कोलंबिया विद्यापीठ आणि कॅथलिक विद्यापीठ यांच्या प्रयोगशाळांसाठी अशाच रकमा थेट विनियोजन विधेयकातून, म्हणजे सरकारी खर्चाला मंजुरी देणाऱ्या विधेयकातून, मंजूर झाल्या, कोणत्याही तज्ज्ञ समितीने त्यांचे मूल्यमापन केलेले नव्हते, आणि त्यावरून वैज्ञानिक वर्तुळात मोठा वाद उठला. त्याच वर्षी प्रमुख संशोधन विद्यापीठांच्या संघटनेने आपल्या सदस्यांना या मार्गापासून दूर राहण्याचे आवाहन केले. आवाहनाचा उपयोग झाला नाही. ‘क्रॉनिकल ऑफ हायर एज्युकेशन’ या साप्ताहिकाने केलेल्या मोजणीनुसार २००८ मध्ये अशा मार्गाने ९२० संस्थांना सुमारे २२५ कोटी डॉलर मिळाले.

या पद्धतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. बॉस्टन विद्यापीठाचे अध्यक्ष जॉन सिल्बर यांच्यासारखे लोक म्हणत की तज्ज्ञांचे मूल्यमापन म्हणजे मोठ्या, जुन्या संस्थांनी एकमेकांना दिलेली पसंती आहे. ज्यांच्याकडे इमारत आणि यंत्रे नाहीत त्यांना स्पर्धेत उतरताच येत नाही, म्हणून आधी इमारत तरी मिळू द्या. उलट प्रतिनिधिगृहाच्या विज्ञान समितीचे अध्यक्ष जॉर्ज ब्राउन यांनी १९९० च्या दशकात या रकमांविरुद्ध सातत्याने भूमिका घेतली, कारण त्यामुळे विज्ञानाचा पैसा समितीतील सदस्याच्या वजनाप्रमाणे वाटला जातो. सोलापुरात बसून हा वाद वाचताना मला दोन्ही बाजू आपल्या वाटतात. आमचे विद्यापीठ २००४ चे, एका जिल्ह्यापुरते. त्याच्याशी संलग्न महाविद्यालयाने पुण्याच्या राष्ट्रीय संस्थांशी एकाच यादीत स्पर्धा करावी ही अपेक्षा कागदावर समान आणि प्रत्यक्षात विषम आहे. तेव्हा खोली, ओटे, पाणी आणि वीज यांच्यासाठी स्थानिक विकास निधी मागण्यात मला काही गैर दिसत नाही. पण कोणता प्रश्न संशोधनाला योग्य आहे, हे ठरवण्याचे काम त्या निधीचे नाही. अमेरिकेतही या रकमा काँग्रेसने इतर खात्यांत घातल्या, परंतु राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय आरोग्य संस्था यांच्या अनुदानांना परंपरेने यापासून दूर ठेवले.

काँग्रेसने २०११ पासून या रकमा बंद केल्या आणि २०२१ मध्ये नव्या नावांनी पुन्हा सुरू केल्या : प्रतिनिधिगृहात समुदाय प्रकल्प निधी, सिनेटमध्ये काँग्रेस-निर्देशित खर्च. मध्यंतरीच्या बदनामीमुळे नियम मात्र कडक झाले. सदस्याने आपली मागणी संकेतस्थळावर जाहीर करायची, स्वतःचा किंवा कुटुंबाचा आर्थिक हितसंबंध नसल्याचे प्रमाणपत्र द्यायचे, नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेला रक्कम मागायची नाही, एकूण रक्कम ऐच्छिक खर्चाच्या (काँग्रेस दरवर्षी नव्याने मंजूर करते त्या खर्चाच्या) १ टक्क्याच्या आत ठेवायची, आणि प्रकल्पाला स्थानिक समुदायाचा पाठिंबा असल्याचा पुरावा जोडायचा. आमच्या सल्लागार संस्थेची प्रश्नावली याच अर्जांवरून घेतलेली आहे, हे संचालकांनी मोकळेपणाने सांगितले, आणि येथे त्यांचे कौतुक करायला हवे. समुदायाच्या पाठिंब्याचा पुरावा आपल्याकडील कोणत्याही अर्जात मागितलेला नव्हता, तरी त्यांनी तो जोडायला लावला. त्यासाठी आम्ही सांगोला आणि पंढरपूर तालुक्यांतील डाळिंब उत्पादकांकडे आणि शहरातील रंगाई कारखानदारांकडे गेलो. बहुतेकांनी ठरावीक साच्याची पत्रे दिली. एका कारखानदाराने मात्र पत्राऐवजी स्वतःला कोणत्या तपासण्या नियमित करून घ्याव्या लागतात आणि त्यांचे नमुने कोठे पाठवावे लागतात, याची यादी दिली. तीच यादी पुढे आमच्या यंत्रांच्या निवडीचा आधार ठरली.

याच अमेरिकी उदाहरणातील एक इशारा पुस्तिकेत नाही. मार्च २०२५ मध्ये काँग्रेसने नव्या विनियोजन विधेयकांऐवजी वर्षभरासाठी जुनाच खर्च पुढे चालू ठेवण्याचा कायदा केला, आणि त्यात त्या वर्षासाठी मागितलेले समुदाय प्रकल्प आले नाहीत. तयार प्रस्ताव, तयार नकाशे, पाठिंब्याची पत्रे, सगळे होते. आपल्याकडे २०२० ची स्थगिती हाच धडा देऊन गेली. लोकप्रतिनिधीच्या निधीवर विसंबून एखाद्या महाविद्यालयाने माणूस नेमला असेल किंवा पीएच.डी.चा विद्यार्थी घेतला असेल, तर अशा वर्षी त्याचे काय करायचे? सल्लागाराकडे याचे उत्तर नव्हते, आणि खरे तर ते त्याच्याकडे मागण्यात अर्थही नाही. पण निधी अनिश्चित आहे हे वाक्य प्रस्तावाच्या मसुद्यात नसले तरी ग्राहकाशी झालेल्या बोलण्यात तरी यायला हवे होते.

चालवण्याच्या खर्चाबद्दल तर संस्थेचे दुर्लक्ष अक्षम्य म्हणावे लागेल. खासदार निधी टिकाऊ सामुदायिक मालमत्तेसाठी आहे. आवर्ती खर्च त्यातून होत नाही. म्हणजे खोली मिळाली, पुढे कोठून तरी यंत्रही मिळाले, तरी ॲसिटिलीन वायूचे सिलिंडर, प्रत्येक धातूसाठी लागणारा वेगळा होलो कॅथोड दिवा, प्रमाणित द्रावणे, काडतुसे, वार्षिक देखभाल करार, कॅलिब्रेशन आणि यंत्र चालवणारा प्रशिक्षित माणूस, हे सगळे महाविद्यालयाच्या खिशातून जाणार. शिसे, कॅडमियम, जस्त, तांबे, लोह असे एकेक मूलद्रव्य मोजायचे म्हटले की दिव्यांचीच यादी लांबते. संस्थेच्या प्रस्तावात ‘पाच वर्षांचा चालवण्याचा खर्च’ असा एक तक्ता होता आणि तो कोरा होता. विचारल्यावर उत्तर आले : “हा तक्ता कोणी मागत नाही, सर.” कोणी मागत नाही हे खरे आहे. पण पुरवठादाराच्या दरपत्रकात देखभालीचा दर हमीचा काळ संपल्यावर किती वाढतो, हे पाहणे कोणत्याही खरेदी समितीचे काम आहे, आणि सल्लागाराकडे दरपत्रके आधीच आलेली असतात. आम्ही तक्ता स्वतः भरला, परीक्षण शुल्कातून किती परत येईल याचा बेताचा अंदाज धरला, आणि त्या हिशेबाने यादीतील एक महागडे यंत्र काढून टाकले. संचालकांना ते आवडले नाही, कारण आकडा गोल राहिला नाही. दोन-तीन दिवस त्यांचा फोनही जरा कोरडाच होता.

सेवेचा दुसरा भाग संशोधन अनुदानाच्या प्रस्तावांचा आहे. संशोधनाला अनुदान देणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन या केंद्रीय प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि फेब्रुवारी २०२४ पासून तो लागू झाला. त्यानंतर पूर्वीच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाचे काम या प्रतिष्ठानाकडे आले. राज्य विद्यापीठांना मोठ्या संस्थांशी जोडून घेणारा कार्यक्रमही प्रतिष्ठानाने सुरू केला आहे, म्हणून आमच्यासारख्यांना त्यात रस असणे स्वाभाविक आहे. परंतु अशा प्रस्तावात सल्लागाराने करण्यासारखे फारसे नसते. पूर्वीच्या संशोधनाचा आढावा, प्रश्न, पद्धत आणि तो प्रश्न याच माणसाने का सोडवावा याचे उत्तर, हे अर्जदारालाच लिहावे लागते. संस्थेने पाठवलेला नमुना इतका सर्वसाधारण होता की तो विषयाशिवाय वाचता येत होता. हा भाग घेऊ नये.

आता शुल्काबद्दल. संस्थेचे दोन पर्याय आहेत. पहिल्यात नकाशे, अंदाजपत्रक, जोडपत्रे आणि मजकूर यांसाठी ठरावीक रक्कम, तीन हप्त्यांत, पावतीसह. आम्ही हा घेतला आणि व्यवहार चोख झाला. दुसऱ्यात आधी थोडी रक्कम आणि मंजुरीनंतर मंजूर रकमेच्या काही टक्के, सोबत ‘पाठपुरावा’. हा पर्याय सांगताना संचालकांचा आवाज जरा खाली येतो आणि अमुक कार्यालयात आपले येणे-जाणे आहे, तमुक स्वीय सहायक आपल्या ओळखीचे आहेत, असे उल्लेख सुरू होतात. हे उल्लेख खरे असतील किंवा नसतील. दोन्ही स्थितींत ते घेण्यासारखे नाहीत. मंजूर निधीतून सल्लागाराला टक्केवारी देण्याची कोणतीही तरतूद नाही, म्हणजे ती रक्कम महाविद्यालयाच्या दुसऱ्या खात्यातून, बहुधा विद्यार्थ्यांच्या शुल्कातून, जाणार आणि लेखापरीक्षणात तिला नाव देता येणार नाही. डिसेंबर २००५ मध्ये एका दूरचित्रवाहिनीने खासदार निधीतील टक्केवारीचे छुपे चित्रीकरण दाखवले होते, त्यानंतर लोकसभेत चौकशी झाली, हे या क्षेत्रात काम करणाऱ्याला तरी ठाऊक असायला हवे. आम्ही दुसऱ्या पर्यायाला नकार दिला तेव्हा आग्रह मात्र झाला नाही, एवढे नमूद करतो.

‘पाठपुराव्या’साठी वेगळे पैसे देण्याची गरज आता उरलेलीही नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार खासदार निधीचे काम ई-साक्षी पोर्टलवर चालते. शिफारस, मंजुरी आणि खर्च यांच्या नोंदी तेथेच होतात. महाविद्यालयाच्या लिपिकाला हे समजावून दिले की तो प्रस्तावाची स्थिती विचारू शकतो आणि पत्राने पाठपुरावा करू शकतो. आमच्या कार्यालयातील लिपिकाने ते सहज केले. आपला मतदारसंघ कोणता हेही आधी पाहावे, कारण सोलापूर जिल्हा एकाच लोकसभा मतदारसंघात नाही : बार्शीचे महाविद्यालय धाराशिव मतदारसंघात येते, पश्चिमेकडील मोठा भाग माढ्यात. संस्थेच्या पहिल्या मसुद्यात दुसऱ्या एका महाविद्यालयासाठी चुकीच्या मतदारसंघाच्या नावाने शिफारसपत्राचा नमुना तयार झाल्याचे मी टेबलावर पाहिले होते.

वेळ पाळण्यात संस्था मध्यम आहे. अंदाजपत्रक सांगितल्या दिवशी आले, मजकूर दर वेळी उशिरा आला. कार्यशाळा म्हणून अर्धा दिवस जो कार्यक्रम घेतात त्यात मोठ्या रकमांचे आकडे बरेच आणि नियम थोडे असतात; उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना मात्र त्या दिवशी मिळतो, तो जपून ठेवावा. संस्थेचे कर्मचारी नम्र आहेत, फोन उचलतात, आणि चूक दाखवली तर दुरुस्त करून देतात.

आमच्या प्रस्तावातील खोलीच्या भागाला प्रशासकीय मान्यता मिळाली आहे. यंत्रांचा भाग आम्ही वेगळा काढून दुसऱ्या मार्गाने मागत आहोत, कारण खोली तयार होण्याआधी यंत्र आले तर त्याचा हमीचा काळ गोदामात संपतो. ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांनी पहिलाच पर्याय घ्यावा, त्यातही मजकूर वगळून फक्त नकाशे आणि अंदाजपत्रक मिळतील का ते विचारावे. आम्ही विचारले तेव्हा शुल्क बरेच खाली आले होते. करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्याने जागेवर येऊन विभागाशी बोलणे, पाच वर्षांच्या खर्चाचा तक्ता भरून देणे, आणि नकाशे व अंदाजपत्रक यांच्या संगणकीय मूळ प्रती महाविद्यालयाच्या मालकीच्या असणे. तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण दरसूची बदलली की अंदाजपत्रक सुधारावे लागते, आणि मूळ प्रत नसेल तर तेच काम पुन्हा विकत घ्यावे लागते. अखेरचा हप्ता या प्रती उघडून पाहिल्यावरच द्यावा. आम्हाला त्या मागताच मिळाल्या.